प्राग, लंडन आणि एक चेलो: निषेधाच्या गदारोळात वाजवत राहणाऱ्या वाद्यवृंदाबद्दल

मिऱ्याबंदर (रत्नागिरी):

२१ ऑगस्ट १९६८ च्या संध्याकाळी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये सोव्हिएत संघाचा राज्य सिंफनी वाद्यवृंद मंचावर आला, तेव्हा प्रागमध्ये रणगाडे शिरल्याला पुरता एक दिवसही उलटला नव्हता. आदल्या रात्री वॉर्सा कराराच्या, म्हणजे सोव्हिएत संघ आणि त्याच्या मित्रदेशांच्या, फौजा चेकोस्लोव्हाकियात घुसल्या होत्या आणि सकाळपर्यंत ती बातमी जगभर पोहोचली होती. प्रॉम्स या उन्हाळी संगीतमालिकेतला हा कार्यक्रम अर्थातच फार आधी ठरलेला होता. त्यात आंतोनिन ड्वोर्जाक या चेक संगीतकाराचा चेलो कॉन्चेर्तो, म्हणजे एकल चेलो (खर्ज आवाजाचे मोठे तंतुवाद्य) आणि वाद्यवृंद यांची रचना, असावा आणि तो रशियन वादकांनी नेमक्या त्या दिवशी वाजवावा, हा योगायोग मात्र कोणाच्याही अंगावर काटा आणणारा होता. संचालक येवगेनी स्वेतलानोव होते आणि चेलोवर म्स्तिस्लाव रोस्त्रोपोविच. सभागृहाबाहेर निदर्शने चालू होती आणि आतही घोषणा झाल्या. त्या संध्याकाळचे ध्वनिमुद्रण आज ऐकता येते आणि सुरुवातीचा आरडाओरडा त्यात टिकून आहे.

आमच्या श्रवणमंडळात हे ध्वनिमुद्रण ऐकवले तेव्हा वाद झाला. त्या वादकांनी त्या संध्याकाळी जे केले, ते धीरोदात्त होते की केवळ आज्ञाधारक? माझे मत मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे खंडन करणाऱ्यांना सोपे जाईल. ते धीरोदात्तच होते असे मला वाटते, आणि त्याचे कारण चेलोवादकाच्या अश्रूंइतकेच त्याच्या मागे बसलेल्या वादकांमध्ये आहे.

या कॉन्चेर्तोत चेलो लगेच येत नाही. आधी तीन मिनिटांहून अधिक काळ केवळ वाद्यवृंद वाजतो आणि एकल वादक चेलो धरून नुसता बसून राहतो. पहिले स्वर क्लॅरिनेटचे आहेत, खालच्या सप्तकातले, हळू आवाजातले. मग तंतुवाद्ये भरत जातात, एक उंच लाट येऊन ओसरते आणि त्यानंतर फ्रेंच हॉर्नवर एक लांब, उघडी चाल येते. जगभरचे हॉर्नवादक त्या चालीला वचकून असतात, कारण तिथे चूक झाकायला आजूबाजूला जवळजवळ काहीच वाजत नसते. आता हे सारे त्या सभागृहात ठेवून पाहा. रॉयल अल्बर्ट हॉल अंडाकृती आहे, तिथे पाच हजारांहून अधिक माणसे मावतात आणि प्रॉम्सच्या वेळी मंचासमोरचे मैदान मोकळे ठेवून स्वस्त तिकिटावर श्रोत्यांना उभे केले जाते. वादक आणि उभे श्रोते यांच्यात अंतर फारसे उरत नाही. जो ओरडतो तो काही हातांवरच उभा असू शकतो. अशा ठिकाणी, तुमच्या देशाने काल रात्री केलेल्या पापाचा जाब तुम्हालाच विचारला जात असताना, क्लॅरिनेटवादकाने तो हळू स्वर हळूच ठेवायचा असतो. गोंगाटावर मात करायला तो मोठा केला, की ड्वोर्जाक संपला.

ध्वनिमुद्रणात मला हेच ऐकू येते. वादन तापलेले आहे, लय अनेक ठिकाणी नेहमीपेक्षा जलद आहे, पण गोंगाटाला उत्तर म्हणून कोणी आवाज चढवलेला नाही. रोस्त्रोपोविच रडत वाजवत होते, असे प्रत्यक्ष पाहणाऱ्यांनी सांगितले आहे. शेवटी त्यांनी ड्वोर्जाकच्या स्वरलिपीची वही उंच धरून श्रोत्यांना दाखवली. तोंडाने एक शब्द काढला असता तर मायदेशी त्याची किंमत मोजावी लागली असती. वहीला मात्र कोण काय म्हणणार?

प्राग त्यांना परके नव्हते, हेही लक्षात घ्यावे. १९५० साली तिथल्या स्पर्धेत त्यांनी पारितोषिक मिळवले होते. गायिका गालिना विश्नेव्हस्काया यांच्याशी त्यांचे सूर जुळले तेही १९५५ च्या वसंतात, प्रागच्याच संगीतोत्सवात. त्याच वर्षी त्यांनी लग्न केले.

आपल्याला काय वाटते, ते सविस्तर लिहावे.

तेरेखोल_काठ (बांदा):

मी गोव्याच्या कला अकादमीत काही वर्षे व्हायोलिन शिकलो. मोठ्या वाद्यवृंदात बसण्याचा माझा अनुभव अगदी थोडा आहे, तरी गोंगाटात वाजवणे म्हणजे नेमके काय होते, ते सांगू शकतो.

वाद्यवृंदात वादक एकमेकांचे ऐकून वाजवतात, हे खरे असले तरी अर्धेच खरे आहे. ऐकू येणे बंद झाले की डोळ्यांवर यावे लागते. तंतुवाद्यांच्या मागच्या रांगा पुढच्या रांगेच्या गजाकडे पाहतात. गजाचा कोणता भाग तारेवर आहे, तो किती वेगाने सरकतो आहे, यावरून त्यांना आवाजही कळतो आणि लयही. पुढची रांग मुख्य व्हायोलिनवादकाच्या खांद्याकडे पाहते आणि तो संचालकाच्या हाताकडे. ही साखळी शाबूत असली तर बाहेर काहीही चालू असो, वादन तुटत नाही. फुंकवाद्यांचे दुखणे वेगळे आहे. भीतीने तोंड कोरडे पडते, श्वास आखूड होतो, आणि क्लॅरिनेटचा हळू स्वर आखूड श्वासावर धरताच येत नाही. त्यामुळे मिऱ्याबंदर यांनी लिहिलेले ते पहिले स्वर वाजवणाऱ्या माणसाबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

ही साखळी तुटते तेव्हा काय होते, याचेही दाखले आहेत. १९१३ च्या ३१ मार्चला व्हिएन्नाच्या म्युझिकफेराइनमध्ये आर्नोल्ड शॉनबर्ग संचालन करत होते. आल्बान बर्ग यांची गीते चालू असताना श्रोत्यांत हसणे, शिट्ट्या आणि शेवटी हाणामारी झाली. कार्यक्रम मोडला आणि अखेरीस ठेवलेली माहलर यांची गीते वाजलीच नाहीत. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, २९ मे रोजी, पॅरिसमध्ये स्त्राविन्स्की यांच्या नव्या नृत्यसंगीताच्या वेळी तसाच गदारोळ झाला. नर्तकांना संगीत ऐकू येईना, म्हणून नृत्यरचनाकार निजिन्स्की विंगेत खुर्चीवर उभे राहून मात्रा ओरडून मोजत होते. संचालक पिएर माँतो यांचा हात मात्र थांबला नाही आणि रचना शेवटपर्यंत वाजली. वसंत एकच, संगीत दोन्हीकडे नवे आणि श्रोते दोन्हीकडे खवळलेले. पॅरिसमध्ये ती साखळी टिकली, एवढाच फरक मला दिसतो.

सडा_राजापूर:

दोघांचेही लेखन आवडले, पण माझा विरोध नोंदवतो.

या चर्चेत ओरडणारा माणूस म्हणजे जणू पाऊस किंवा वारा, वादकांच्या धैर्याची परीक्षा घेण्यासाठी आलेला. त्याच्याकडे माणूस म्हणून कोणी पाहिलेच नाही. आमच्या राजापूर तालुक्याला आंदोलन नवे नाही. आधी जैतापूर, मग नाणार, मग बारसू. २०२३ च्या एप्रिलमध्ये बारसूच्या सड्यावर माती परीक्षणाच्या गाड्या आल्या तेव्हा आमच्या बायका भर उन्हात रस्त्यावर आडव्या झाल्या. त्या आधी त्यांनी अर्ज दिले होते, ग्रामसभेत ठराव मांडले होते, अधिकाऱ्यांना भेटून झाले होते. माणूस सभ्य मार्ग संपल्यावर ओरडतो. लंडनमध्ये त्या संध्याकाळी ओरडणाऱ्यांत ज्यांचे नातेवाईक प्रागमध्ये अडकले होते असे कोणी असतील, तर त्यांनी काय करायला हवे होते? तिकीट काढून मुकाट्याने बसायचे आणि टाळ्या वाजवायच्या?

दुसरे म्हणजे, तो वाद्यवृंद केवळ वादकांचा समूह नव्हता. त्याच्या नावातच राज्य होते. सरकार असे दौरे आपली प्रतिमा उजळण्यासाठीच पाठवते. आणि मौन हाच एकमेव मार्ग होता, असेही म्हणता येणार नाही. त्याच आठवड्यात, २५ ऑगस्टला, मॉस्कोच्या लाल चौकात आठ सोव्हिएत नागरिक या आक्रमणाचा निषेध करायला जाऊन बसले. त्यांना काही मिनिटांत पकडले गेले आणि बहुतेकांच्या वाट्याला तुरुंग किंवा हद्दपारी आली. धीरोदात्त हा शब्द मी त्या आठ जणांसाठी राखून ठेवीन.

वेंगुर्ला_बंदर:

सडा_राजापूर यांच्या मुद्द्याला धरूनच त्याच सभागृहातली दुसरी संध्याकाळ आठवते. १ सप्टेंबर २०११, पुन्हा प्रॉम्स, पुन्हा रॉयल अल्बर्ट हॉल. या वेळी मंचावर इस्रायल फिलहार्मोनिक होता आणि संचालक होते आपल्या मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता. पॅलेस्टाइनच्या बाजूने निषेध करणारे लोक सभागृहात ठिकठिकाणी विखरून बसले होते. वेबर्न यांची पासाकाल्या ही रचना सुरू झाल्यावर त्यांच्यातले काही जण उठले आणि बेथोवेन यांच्या नवव्या सिंफनीतल्या चालीवर स्वतःचे शब्द बसवून गाऊ लागले. त्यांना बाहेर काढले, तर पुढच्या रचनेच्या वेळी दुसऱ्या कोपऱ्यातून आवाज उठला. बाकीचे श्रोते त्यांच्यावर ओरडू लागले, त्यामुळे गोंगाट दुप्पट झाला. शेवटी बीबीसीने रेडिओवरचे थेट प्रक्षेपण बंद केले.

कार्यक्रम मात्र बंद पडला नाही. गिल शाहाम यांनी ब्रुख यांचा व्हायोलिन कॉन्चेर्तो पूर्ण वाजवला आणि स्पॅनिश रंगाचा उत्तरार्धही पार पडला. मेहता आवाज शमेपर्यंत थांबत आणि पुन्हा हात उचलत. मंचावरून निदर्शकांना प्रत्युत्तर दिले गेले नाही, वादक उठून गेले नाहीत. घरी रेडिओ लावून बसलेल्यांना त्या रात्री पुढचे काही ऐकायला मिळाले नाही, तरी सभागृहातल्यांसाठी त्यांनी ठरलेले सारे वाजवले. राजकारणात मी कोणत्या बाजूचा आहे हे इथे महत्त्वाचे नाही. कलावंताने समोरच्या श्रोत्याला दिलेला शब्द पाळला, हे मला महत्त्वाचे वाटते.

मिऱ्याबंदर (रत्नागिरी):

सडा_राजापूर, तुम्ही लाल चौकातल्या आठ जणांची आठवण दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. त्यांचे धैर्य वादकांच्या धैर्यापेक्षा मोठे होते, हे मी कोणतीही सबब न सांगता मान्य करतो. तरीही मोठे धैर्य आहे म्हणून दुसरे धैर्य खोटे ठरत नाही.

ओरडणाऱ्याकडे माणूस म्हणून पाहा, हे तुमचे म्हणणे मला पटते, आणि म्हणूनच ज्यांनी तसे पाहिले त्यांची उदाहरणे देतो. इस्रायल फिलहार्मोनिक हा वाद्यवृंद १९३६ साली व्हायोलिनवादक ब्रोनिस्लाव हुबरमान यांनी तेव्हाच्या पॅलेस्टाइनमध्ये उभा केला. युरोपात ज्यू म्हणून नोकऱ्या गमावलेले वादक त्यांनी तिथे नेले आणि पहिला कार्यक्रम डिसेंबरात तोस्कानिनी यांनी संचालित केला. १९३८ च्या नोव्हेंबरात जर्मनीत ज्यूंवर हल्ले झाल्यावर या वाद्यवृंदाने वागनर या ज्यूद्वेष्ट्या, हिटलरच्या आवडत्या जर्मन संगीतकाराचे संगीत वाजवणे थांबवले आणि तो नेम पुढे अनेक दशके चालला. १९८१ साली झुबिन मेहता यांनी तेल अवीवमध्ये कार्यक्रम संपल्यावर वागनर वाजवायचे ठरवले. वाजवण्याआधी त्यांनी श्रोत्यांना सांगितले की ज्यांना हे ऐकणे सोसणार नाही त्यांनी खुशाल जावे. वादकांनाही ती मोकळीक होती. वादन सुरू झाल्यावर सभागृहातलाच एक कर्मचारी, छळछावणीच्या काळातून वाचलेला, मंचासमोर आला आणि त्याने सदरा उघडून अंगावरचे व्रण दाखवले. त्या माणसाला हुल्लडबाज म्हणण्याची माझी तरी छाती नाही.

वीस वर्षांनी, ७ जुलै २००१ रोजी, जेरुसलेममध्ये संचालक दानिएल बारेनबोइम यांनी बर्लिनच्या वाद्यवृंदासह हाच प्रसंग ओढवून घेतला. ठरलेला कार्यक्रम पूर्ण झाल्यावर त्यांनी श्रोत्यांना विचारले, वागनर वाजवू का? सुमारे अर्धा तास मंच आणि सभागृह यांच्यात वाद चालला, कोणी त्यांना फॅसिस्ट म्हटले, कोणी दारे आपटून निघून गेले. जाणाऱ्यांना जाऊ दिले आणि मगच वाद्यवृंदाने वाजवले. निषेध करणाऱ्याला तिथे वेळ दिला गेला, उत्तर दिले गेले, दार उघडे ठेवले गेले. माझ्या लेखी प्रतिष्ठा याला म्हणायचे, नुसत्या निश्चलपणाला नव्हे.

आता माझा आग्रह. दारावर उभे राहून घोषणा द्याव्यात, पत्रके वाटावीत, पहिला स्वर लागण्याआधी उठून बोलावे, रचना संपल्यावर टाळी न वाजवता बसून राहावे. हे सारे निषेधाचे पूर्ण हक्क आहेत. परंतु स्वर चालू असताना तो मोडणे मला मान्य नाही, कारण तिथे तुम्ही सरकारशी भांडत नसता. वादक आणि शेजारचा श्रोता यांच्यामधली गोष्ट तुम्ही हिसकावून घेत असता. याच न्यायाने दुसरी बाजूही बोलली पाहिजे. २०११ च्या त्या कार्यक्रमाआधी तो रद्द करण्याची मागणी करणाऱ्या पत्रावर लंडन फिलहार्मोनिकच्या चार वादकांनी सह्या केल्या होत्या आणि सहीपुढे वाद्यवृंदाचे नाव लिहिले होते. त्यांना त्यासाठी निलंबित करण्यात आले. पत्र लिहिणे हा तर सर्वांत सभ्य मार्ग. तोही बंद केला, तर माणसे सभागृहात उठून ओरडणार नाहीत तर काय करतील? इथे मी सडा_राजापूर यांच्या बाजूने उभा आहे.

कुडाळचा_पखवाज:

मला पाश्चात्त्य संगीतातले फारसे कळत नाही, पण डबलबारीच्या भजनात पखवाज वाजवतो म्हणून लिहितो. समोरच्या बुवांचे समर्थक गवळणीच्या वेळी मुद्दाम शिट्ट्या मारतात, तेव्हा नवखा बुवा पट्टी सोडून ओरडू लागतो आणि गजर येईपर्यंत त्याचा गळा बसलेला असतो. जाणता बुवा पेटीवरची बोटे न उचलता एक आवर्तन नुसते जाऊ देतो. कोरस थांबत नाही, झांज थांबत नाही, आणि पुढच्या आवर्तनाला तो आधीपेक्षा हळू आवाजात ओळ उचलतो. मग ऐकू यावे म्हणून लोकच एकमेकांना गप्प करतात. धाग्यातल्या क्लॅरिनेटचे वर्णन वाचून हेच आठवले.

मांडवा_जेट्टी (अलिबाग):

श्रीनगरचा कार्यक्रम कोणी आणला नाही म्हणून लिहितो. ७ सप्टेंबर २०१३ रोजी शालिमार बागेत झुबिन मेहता यांनी बव्हेरियन स्टेट ऑर्केस्ट्रासह बेथोवेन यांची पाचवी सिंफनी वाजवली. काश्मिरी वादकही सोबत होते. कार्यक्रम जर्मन दूतावासाने भरवला होता, निमंत्रितांपुरता होता, आणि बंदोबस्त कडक होता. फुटीरतावादी नेत्यांनी त्या दिवशी बंद पुकारला. त्याच वेळी काश्मिरातल्या काही नागरिकांनी शहरात स्वतःचा वेगळा कार्यक्रम केला आणि त्याला हकीकत-ए-काश्मीर असे नाव दिले. निषेधाची ही रीत मला फार मोलाची वाटते. त्यांनी बागेतले वादन मोडले नाही, आपले म्हणणे आपल्या मंचावरून मांडले. मेहता यांनीही पुढच्या वेळी सर्वांसाठी खुल्या मैदानात वाजवण्याची इच्छा बोलून दाखवली.

सडा_राजापूर:

श्रीनगरच्या लोकांजवळ निदान मंच तरी होता. प्रत्येकाजवळ तो असतोच असे नाही, एवढे लक्षात असू द्यावे.

मिऱ्याबंदर यांनी चार वादकांच्या निलंबनाबद्दल लिहिले ते योग्य केले. एक प्रश्न उरतो. १९६८ च्या त्या वादकांनी नंतर काही केले का? की मायदेशी परतून सारे पूर्ववत?

मिऱ्याबंदर (रत्नागिरी):

रोस्त्रोपोविच यांच्याबद्दल लिहितो, कारण त्यांची गोष्ट नोंदलेली आहे. मायदेशी परतल्यावर त्यांनी अलेक्झांडर सोल्झेनित्सिन या सरकारच्या नजरेत खुपणाऱ्या लेखकाला आपल्या गावाकडच्या घरात आसरा दिला आणि १९७० साली त्यांच्या बाजूने वृत्तपत्रांना खुले पत्र लिहिले. मायदेशात ते छापले गेले नाही. परदेश दौरे बंद झाले, मोठी सभागृहे बंद झाली. १९७४ साली त्यांनी देश सोडला, १९७८ साली त्यांचे आणि विश्नेव्हस्काया यांचे नागरिकत्व काढून घेण्यात आले. १९८९ च्या नोव्हेंबरात बर्लिनची भिंत पडली तेव्हा ते तिथे गेले आणि भिंतीपाशी खुर्ची मांडून त्यांनी बाख वाजवला.

मागे बसलेल्या वादकांची नावे मात्र कोणी घेत नाही. त्यांच्याजवळ रोस्त्रोपोविच यांची कीर्ती नव्हती, त्यामुळे नकार दिला असता तर पाठीशी जगही उभे राहिले नसते. नोकरी, पुढचा प्रवास, सारे पणाला लागले असते. त्यांच्यातले कोण मनातून रणगाड्यांच्या बाजूचे होते आणि कोण नव्हते, हे मी ठरवू शकत नाही, आणि ओरडणाऱ्यांनाही ते ठरवता येणार नव्हते. चेक संगीतकाराची रचना त्यांनी त्या रात्री कणभरही हलकी होऊ दिली नाही, एवढे ध्वनिमुद्रणावरून सांगता येते. ड्वोर्जाक यांनी ही रचना अमेरिकेत असताना लिहिली. मधल्या संथ भागात त्यांनी आपल्याच एका जुन्या गीताची चाल गुंफली आहे, कारण ते गीत आवडणारी त्यांची मेहुणी योसेफिना तेव्हा आजारी होती. १८९५ च्या मे महिन्यात ती वारली, आणि मायदेशी परतलेल्या ड्वोर्जाक यांनी शेवट पुन्हा लिहून तीच चाल तिथेही आणली. शेवटच्या भागात कोणीही स्वतःची कारागिरी घुसवू नये, अशी त्यांची प्रकाशकाला ताकीद होती. तो शेवट या ध्वनिमुद्रणात जरूर ऐकावा. चेलो हळूहळू खाली येत जातो, वाद्यवृंद त्याच्याखाली जवळजवळ श्वास रोखून थांबतो आणि मग एकदम सारे मिळून उसळतात. त्या उसळीत राग आहे असे मला वाटते. कोणाचा कोणावर, ते प्रत्येकाने आपापले ऐकावे.

पुढच्या श्रवणसभेत हे पूर्ण ध्वनिमुद्रण पुन्हा लावायचे आहे, सुरुवातीचा ओरडा न कापता. आमच्यातल्या काहींना तो भाग गाळावा असे वाटते. मी त्याच्या विरोधात आहे. सडा_राजापूर, तुम्ही राजापुराहून आलात तर रचना लावण्याआधी तुम्हीच बोलावे, अशी माझी विनंती आहे.

सडा_राजापूर:

येईन. ओरडा कापू नका, या एका अटीवर. लाल चौकातल्या त्या आठ जणांबद्दलच बोलेन, दहा मिनिटे पुरतील. त्यानंतर रचना संपेपर्यंत मी एक शब्दही काढणार नाही. संपल्यावर मात्र चर्चेला पुरेसा वेळ ठेवा. संध्याकाळी परतीची शेवटची एसटी लवकर सुटते, म्हणून सभा दुपारी ठेवता आली तर आमच्या बाजूचे आणखी काही जण येऊ शकतील.

तेरेखोल_काठ (बांदा):

दुपारची वेळ मलाही सोयीची आहे. कॉन्चेर्तोची स्वरलिपी माझ्याजवळ आहे, ती घेऊन येतो. हॉर्नची ती चाल कुठे येते हे आधी दाखवले, तर नव्या श्रोत्यांना त्या वादकाची अवस्था नीट कळेल.